कारखान्याचे धुराडे आणि आपल्या खोपीतली नळी



आपल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत एक प्रश्न ठरलेला असतो. मागच्या रांगेतून कोणीतरी उठतो आणि विचारतो, "अध्यक्षसाहेब, धुराड्याची राख आमच्या उसावर पडते, वाळत घातलेली धुणी काळी होतात, त्याचं काय केलं?" प्रश्न रास्त आहे. आम्हीही तो एकदा विचारला आहे. मग व्यासपीठावरून खुलासा होतो, बॉयलरच्या धुरातली राख अडवण्यासाठी काय केले, त्याला खर्च किती आला हे वाचून दाखवले जाते, आणि विचारणारा समाधानाने किंवा नाइलाजाने खाली बसतो.

तोच सभासद संध्याकाळी घरी येतो. वीज गेलेली असते. गोठ्याला लागून पत्र्याची खोली, तिच्यात डिझेल इंजिन. कोणी त्यावर कडबाकुट्टी चालवतो, कोणी जनित्र, कोणी गुऱ्हाळाचा चरक. कोणाच्या पोराने त्याच खोलीत ट्रॅक्टर आणि पॉवर टिलर दुरुस्तीचे छोटे वर्कशॉप थाटलेले असते. इंजिन सुरू होते, आणि त्याच्या धुराची नळी कुठे संपते ते पाहावे तर खोलीतच! फार झाले तर खिडकीच्या गजातून वीतभर बाहेर. त्या धुराबद्दल मात्र कोणी कोणाला प्रश्न विचारत नाही. विचारणार तरी कोण? तिथले अध्यक्ष आपण, संचालक आपण आणि धूर खाणारेही आपण.

हे सुचायला आम्हाला आंबा घाट उतरावा लागला. आमची लेक रत्नागिरीत दिली आहे. गेल्या पावसाळ्यात तिच्याकडे जाण्याचा योग आला. जाताना आमच्या जुन्या इंजिनाचा नोझल पिशवीत टाकून घेतला होता. इकडे दोघा-तिघांना दाखवला, पण इंजिनाचा काळा धूर काही जाईना. जावईबापू म्हणाले, "मामा, बंदरावरच्या मिस्त्र्यांना दाखवू. डिझेल इंजिनाची नस त्यांना कळते."

ते खरेच आहे. पावसाळ्यात मासेमारी बंद असते. मिरकरवाड्याच्या बाजूला नौका शाकारून ठेवलेल्या असतात, आणि याच दिवसांत त्यांची इंजिने खोलून दुरुस्त करून घ्यायची असतात. नारळी पौर्णिमेच्या आत इंजिन तयार हवे, म्हणून मिस्त्र्यांची गळीत हंगामासारखी घाई चाललेली असते. आम्हाला नेले ते एका वयस्क मिस्त्र्याच्या घरी. घराला लागूनच शेड. जांभ्या दगडाच्या भिंती, वर मंगलोरी कौले. बाहेर पाऊस असा की समोरचा माणूस दिसू नये. आडव्या झडीमुळे दार निम्मे लावलेले. आत एक इंजिन खोललेले, आणि दुसरे बाकावर बसवून चाचणीसाठी धडधडत ठेवलेले. पलीकडच्या पडवीत मिस्त्र्याचा नातू पाटी-दप्तर घेऊन बसला होता.

आम्ही सवयीने उपरणे नाकाला लावले. थोड्या वेळाने ध्यानात आले की त्याची गरज नाही. तेलाचा वास होता, इंजिनाची ऊब होती, पण धूर नव्हता. डोळे चुरचुरत नव्हते. आमच्या खोपीत दार सताड उघडे असूनही दहा मिनिटांत डोळ्यांना पाणी येते, आणि इथे दार निम्मे लावून पोर अभ्यास करते आहे.

मिस्त्र्याला विचारले तेव्हा तो हसला. म्हणाला, "भाऊ, माझा बा ह्याच शेडमध्ये काम करायचा. पावसाळाभर डोकं धरून बसायचा. आम्ही म्हणायचो, पावसाची हवा बाधली. पाऊस सरला, दारं उघडली, की बरा व्हायचा. पुढं मला कळलं, हवा पावसाची नव्हती, इंजिनाची होती." मग नळीकडे बोट दाखवून म्हणाला, "इंजिन बिघडलं तर मी हाय. मी बिघडलो तर कोण हाय?"

हे ऐकून आम्हाला जे आठवले ते लिहिणे भाग आहे. १९७२ च्या दुष्काळात आम्ही विशीत होतो. विहिरींचे पाणी खाली गेले. पंप कितीही चांगला असला तरी वीस-बावीस फुटांखालचे पाणी त्याला नीट ओढता येत नाही. म्हणून पुष्कळांनी केले तेच आमच्या घरी केले. विहिरीच्या पोटात फळ्या ठोकून इंजिन आणि पंप खाली उतरवला. इंजिनावर बसायला एक पोरगा होता, चौदा-पंधरा वर्षांचा. तो रोज दुपारी वर यायचा, डोके दुखते म्हणायचा, कधी ओकायचा. आम्ही म्हणालो, पित्त झाले. लिंबू-पाणी दिले आणि परत खाली धाडले. एके दिवशी त्याला वर चढता येईना, पाय लटपटू लागले. दोर लावून वर काढला. वाचला, पण पुन्हा आमच्याकडे कामाला आला नाही. आम्ही तेव्हा त्याला कामचुकार म्हणालो. आज तो शब्द आम्हाला टोचतो.

त्या पोराला काय होत होते? इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपण श्वास घेतो तेव्हा रक्तातले हिमोग्लोबिन ऑक्सिजन उचलून अंगभर नेते. हा वायू ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्टपणे त्याच हिमोग्लोबिनला चिकटतो. गाडीत पाहुणा बसला, घरधन्याला जागा नाही, असा प्रकार. आधी डोके दुखते, मळमळते, मग पायातले बळ जाते, मग शुद्ध जाते. हवेच्या हजार भागांत एक-दोन भाग एवढाच हा वायू असला तरी तास-दोन तासांत माणूस दगावू शकतो. आणि पायातले बळ शुद्धीच्या आधी जाते, म्हणून समजले तरी माणसाला दारापर्यंत जाता येत नाही.

काही जाणकार म्हणतील, डिझेलच्या धुरात हा वायू पेट्रोलच्या धुरापेक्षा पुष्कळ कमी असतो. अगदी बरोबर. पेट्रोल किंवा रॉकेलवरचे छोटे जनित्र तर घरात, ओसरीवर किंवा खिडकीखाली कधीच चालवू नये. पण डिझेलचा 'कमीपणा' इंजिन ठणठणीत असेल तरच. नोझल गळका असला, हवेची जाळी भुश्याने बुजली, झेपणार नाही एवढा भार टाकला, की काळा धूर येतो आणि त्याबरोबर हा वायूही वाढतो. शिवाय डिझेलच्या धुरात नायट्रोजनचे वायू असतात. ते छातीला लागतात, आणि त्यांचा त्रास कधी कधी काही तासांनी, रात्री झोपेत सुरू होतो. वर काजळी आहेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेल इंजिनाचा धूर माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातला. ज्या गटात तंबाखूचा धूर आहे, त्याच गटात.

आता एक साधा हिशेब करू. आपल्याकडे सर्रास दिसणारे पाच हॉर्सपॉवरचे इंजिन घ्या, बोअर ८० मिलिमीटर, स्ट्रोक ११० मिलिमीटर, मिनिटाला १५०० फेरे. सिलिंडरमध्ये एका घोटाला सुमारे साडेपाचशे घनसेंटिमीटर हवा जाते. दोन फेऱ्यांत एक घोट, म्हणजे मिनिटाला ७५० घोट. गुणाकार केला तर मिनिटाला चारशे लिटर, तासाला जवळपास २५ घनमीटर. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच खोलीत हवा असते २८ घनमीटर. म्हणजे तास-सव्वा तासात इंजिन जवळजवळ सगळ्या खोलीएवढी हवा पिऊन धूर करून ओकते! नळी खोलीतच उघडी असेल तर इंजिन आपलाच धूर पुन्हा पिते, त्याला ऑक्सिजन कमी पडतो, जळण अर्धवट होते आणि विषारी वायू आणखी वाढतो. त्याच हवेत आपला माणूस बसलेला असतो.

मिस्त्र्याने काय केले होते ते आम्ही वहीत टिपून आणले. त्यात अवघड काही नाही.

इंजिनाच्या तोंडाला त्याने पहिल्यांदा पोलादी लवचिक तुकडा जोडला होता. एका सिलिंडरचे इंजिन हादरते. सरळ कडक नळी जोडली की महिन्याभरात सांधा फुटतो आणि धूर आतच सुटतो. त्यापुढची लोखंडी नळी इंजिनाच्या तोंडापेक्षा एक माप मोठी होती, दीड इंचाला दोन इंच. नळी लांब आणि बारीक असली की धूर कोंडतो, इंजिन गुदमरते, ताकद कमी होते. काटकोनी एल्बो त्याने टाळले होते. जिथे वळायचे तिथे दोन तिरपी वळणे. नळीचा भार इंजिनावर नव्हता, आढ्याच्या तुळईवरून पट्ट्यांनी तोलला होता.

भिंतीतून नळी जाते तिथे त्याने मोठ्या नळीचे कडे बसवून मध्ये पोकळी ठेवली होती. भार असताना धूर चारशे-पाचशे अंशांपर्यंत तापतो. वासे, रिपा, गवत, पेंढा, पाचट यांपासून नळी निदान वीतभर लांब हवी. तेवढी जागा नसेल तर काचलोकरीची दोरी गुंडाळायची. पूर्वी आपण ॲस्बेस्टॉसची दोरी गुंडाळत असू. तिचे तंतू फुप्फुसात जाऊन रोग करतात हे आता पक्के झाले आहे, तेव्हा तिचे नाव काढू नये. नळीला बाहेरच्या बाजूने उतार होता आणि सगळ्यात खालच्या जागी पाणी काढायला बूच. धुरात पाण्याची वाफ असते. ती थंड होऊन पाणी झाले आणि उतार आत असला तर ते थेट सिलिंडरात जाते.

बाहेर पडल्यावर नळी सरळ उभी, कौलांच्या माथ्याच्या वर गेलेली. वर पावसाला अडवायला झडप, इंजिन चालू झाले की धुराच्या जोराने उघडणारी. टोपी घालून धूर खाली दाबायचा नाही, हे त्याने दोनदा सांगितले. उंचीचा सरकारी ठोकताळाही आहे. जनित्राच्या नळीसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने सूत्र घालून दिले आहे. जनित्र किती केव्हीएचे, त्याचे वर्गमूळ काढून ०.२ ने गुणायचे. येईल तितके मीटर नळी इमारतीच्या वर हवी. २५ केव्हीएला वर्गमूळ ५, म्हणजे इमारतीच्या वर एक मीटर.

समोरच्या भिंतीत, जमिनीलगत, त्याने जाळीचा झरोका ठेवला होता आणि वर आढ्याजवळ दुसरा. खालून ताजी हवा येते, वरून गरम हवा जाते. इंजिनाच्या ब्रीदरची वाफही रबरी नळीने बाहेर काढली होती, ती आपल्यापैकी कोणाच्या ध्यानातच येत नाही. आणि सगळ्यात आवडली ती एक गोष्ट. इंजिन बंद करायची तार त्याने दाराबाहेर आणून ठेवली होती. आत कोणी पडला तर बाहेरच्या माणसाने आधी तार ओढायची, दार-खिडक्या उघडायच्या, मग त्याला मोकळ्यावर आणायचे, आणि १०८ ला फोन करायचा. अशा माणसाला लिंबू-पाणी नको, ऑक्सिजन लागतो.

दुरुस्तीला येणाऱ्या परक्या इंजिनांसाठी, ज्यांची नळी दर वेळी वेगळ्या जागी असते, त्याने कर्ण्याच्या तोंडाची रुंद धातूची लवचिक नळी वरून टांगली होती. ती इंजिनाच्या सायलेन्सरवर ओढून घ्यायची. दुसऱ्या टोकाला, शेडच्या बाहेर, धूर खेचणारा पंखा. आपल्या पोरांची जी घरची वर्कशॉप आहेत त्यांना हे तंतोतंत लागू पडते.

आता आपल्याकडचे प्रकार पाहा. शेतात पडलेला पीव्हीसी पाइपचा तुकडा सायलेन्सरला घालून आम्ही स्वतः धूर बाहेर काढलेला आहे. तासाभरात पाइप मऊ होऊन लोंबला आणि वर प्लास्टिकचा विषारी वास. काहींनी आवाज दबावा म्हणून नळी खड्ड्यात सोडून वर दगड-माती लोटली आहे. पावसात तिथे पाणी साचते आणि धूर जमिनीच्या भेगांतून पुन्हा खोलीत येतो. काहींना वाटते, भिंतीत पंखा लावला की झाले. पंखा नळीची जागा घेत नाही. चुकीच्या भिंतीत लावला तर बाहेर गेलेला धूरच तो आत ओढून आणतो.

विहिरीविषयी तर हात जोडून सांगतो. पाणी खाली गेले म्हणून इंजिन विहिरीत उतरवू नका. इंजिन-जनित्र वरच ठेवा आणि खाली पाण्यातली मोटार सोडा. आपल्या वाडवडिलांची रीत अशी, की विहिरीत उतरण्याआधी पेटता कंदील सोडून पाहायचा. कंदील विझला तर उतरायचे नाही. रीत चांगली, पण ती अपुरी आहे. कंदील विझतो ऑक्सिजन कमी पडला तर. कार्बन मोनॉक्साइड माणूस मारण्याइतका असला तरी कंदील मजेत जळत राहतो. आणि एक माणूस खाली पडला म्हणून दुसरा तसाच उतरतो, तोही पडतो, मग तिसरा. विहिरीतल्या आणि टाक्यांतल्या अशा अपघातांची ही ठरलेली कथा आहे. वायू ओळखून घंटा वाजवणारे छोटे यंत्र आता बाजारात मिळते. १९४८ च्या कारखाने कायद्याने कामगाराला विषारी वायूच्या टाकीत तपासणीशिवाय उतरवायला बंदी घातली. आपल्या मळीच्या टाकीत उतरणाऱ्या कामगाराला जे संरक्षण, ते आपल्या विहिरीत उतरणाऱ्या पोराला का नसावे?

काही सभासद म्हणतील, "अहो, आता इंजिनं राहिलीत किती? मोटारी आल्या, सौर पंप आले." खरे आहे, आणि चांगलेच आहे. पण २०१९ च्या आणि २०२१ च्या महापुरात आपल्या भागातले पंप आणि डीपी पाण्याखाली गेले तेव्हा अडगळीतली इंजिने आणि जनित्रेच बाहेर निघाली. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रत्नागिरी जिल्ह्यात दापोली-मंडणगडकडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. एरवी इंजिन अडगळीत असते, संकटात ते घाईघाईने, मिळेल त्या कोपऱ्यात, दार लावून चालवले जाते. धोका त्याच वेळी जास्त. नळी बसवायची ती आधी, निवांतपणी.

दुसरे म्हणतील, "खर्च कोण करणार?" मिस्त्र्याने अर्धे सामान भंगारातून जमवले होते. आमच्या अंदाजाने नवे सामान घेतले तरी दोन-तीन टन उसाच्या बिलात काम भागावे. इंजिनाला नवा पिस्टन घालताना आपण मागे-पुढे पाहत नाही. नळीच्या वेळीच हात आखडतो, कारण नळीने पाणी वाढत नाही, उतारा वाढत नाही. ती नळी आहे ती इंजिनाजवळ बसणाऱ्या माणसासाठी. आणि तो माणूस बहुधा आपण नसतो. गडी असतो, घरची बाई असते, नाहीतर शाळेतून आलेला पोरगा असतो. म्हणून तर ती नळी इतकी वर्षे खिडकीच्या गजात अडकून राहिली.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. प्रत्येक गट ऑफिसने आपल्या हद्दीतल्या इंजिनाच्या खोल्यांची यादी करावी. ऊस नोंदीला शेती खात्याचा माणूस बांधावर येतोच, त्याने दोन मिनिटे नळीही पाहावी. लोखंडी नळ्या, लवचिक तुकडे, झडपा यांची एकत्र खरेदी कारखान्यामार्फत करून बिलातून हप्त्याने कापून घ्यावी. बी-बियाणे आणि खते आपण अशीच घेतो. आयटीआय झालेली आपलीच पोरे बसवून देतील. पुढच्या सभेत हा ठराव आम्ही मांडणार आहोत, आणि संचालक मंडळाने तो मनावर घ्यावा.

पण ठरावाची वाट पाहत बसू नका. आम्ही घाट चढून आलो, नोझल बसवला, आणि त्याच आठवड्यात आमच्या खोपीची नळी पाचटाच्या वर काढली. तार दाराबाहेर घेतली. आता सभेत उभे राहून धुराड्याचा प्रश्न विचारताना आमची मान ताठ राहील. आज घरी गेल्यावर इंजिन सुरू करा, दोन मिनिटे आत उभे राहा. डोळे चुरचुरले तर समजा, उत्तर द्यायची पाळी आपली आहे.

जय सहकार.